ड्रेसरकाकांचा पितळी साप

ड्रेसरकाकांनी इंजेक्शन देताना कुणाला ‘दुखणार नाही’ असं कधी सांगितलं नाही. उकळत्या पाण्यातून चिमट्यानं सुई काढता काढता ते सरळ म्हणायचे, “दुखणार. तुम्ही जरा वर बघा.” माणूस वर बघायचा. वर भिंतीवर काकांनीच रंगवलेलं एखादं चित्र असायचं. चित्रातला खाटेवरचा माणूस कोण, त्याला छपरातून खाली का सोडताहेत, हे पेशंटनं विचारेपर्यंत सुई टोचून निघालेली असायची आणि काका कापूस चोळत गोष्ट सांगायला लागलेले असायचे. गोष्ट अर्धीच सोडायची आणि उरलेली उद्याच्या ड्रेसिंगला सांगायची, ही त्यांची युक्ती होती. त्यामुळे आमच्याकडे जखम बरी होईपर्यंत पेशंट टिकायचा. एरवी खेड्यातला माणूस पहिल्या पट्टीनंतर पुन्हा तोंड दाखवत नसे.

नाशिकला आमच्या छोट्या ख्रिस्ती वस्तीत चर्चच्याच आवारात मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांनी चालवलेला, दवाखाना होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नर्सिंग संपवून तिथं लागले, तेव्हा काका जुनेजाणते होते. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, गळवं फोडणारा, पट्ट्या बांधणारा माणूस. काकांना खरं नाव होतं, पण त्यांच्या लग्नानंतर ते कुणी उच्चारलं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या बायकोसुद्धा त्यांना ड्रेसरच म्हणायच्या. ठेंगणी मूर्ती, पांढरा पायजमा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि अंगाला स्पिरिट आणि टर्पेंटाइन असा मिळून एक वास. आंधळ्यानंसुद्धा ओळखावं की ड्रेसरकाका आले.

टर्पेंटाइन चित्रांसाठी. औषधांची खोकी यायची त्यांच्या फळ्या काका जपून ठेवायचे आणि त्यांवर तैलरंगानं शास्त्रातले, म्हणजे बायबलातले, चमत्कार रंगवायचे. आंधळा, पक्षघाती, कुष्ठी, वाळलेल्या हाताचा, सगळे आजारी आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीभर बसलेले असत, आणि खालच्या बाकावर खरे आजारी. पण काकांचं यरुशलेम म्हणजे नाशिकच. ज्या तळ्याचं पाणी हललं की रोगी बरे व्हायचे, ते तळं त्यांनी हुबेहूब रामकुंडासारखं काढलं होतं, पायऱ्यांवर धुणं आपटणाऱ्या बायकांसकट. पक्षघाती माणसाला छपरातून खाली सोडतात त्या चित्रात छप्पर कौलारू होतं आणि खाली एक गृहस्थ काठी उगारून उभे होते. हे कोण, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

“घरमालक,” काका म्हणाले. “घर कुणाचं तरी असेलच ना, सिस्टर? कौलं काढल्यावर राग नाही यायचा त्याला?”

मंडळीच्या कमिटीला मात्र हे काही फारसं मानवत नसे. कमिटीचे सेक्रेटरी सरकारी कचेरीत होते, टाय बांधून उपासनेला येत. चित्रात काढलेत तसे फेटे प्रभूचे शिष्य बांधत नव्हते, हे त्यांनी काकांना एकदा सर्वांदेखत सुनावलं. मग एवढ्या उन्हात ते काय बांधत होते, असं काकांनी अगदी मनापासून विचारलं. तो प्रश्न सेक्रेटरी कधी विसरले नाहीत.

काकांचं एक म्हणणं होतं. माणूस आधी डोळ्यांनी बरा व्हायला लागतो, औषध मागाहून पोचतं. भिंतीकडे बघून आपण बरे होऊ असं त्याला वाटलं, की तो पट्टी सोडत नाही, पथ्य पाळतो, पुन्हा येतो. आमच्या डॉक्टरबाई व्यवहारी होत्या. त्या म्हणायच्या, “नुसतं बघितलं आणि औषध नाही घेतलं तर?” काका म्हणायचे, “बघितल्यावर घेतो की.” त्यावर त्यांचा इतका विश्वास होता की तो खोटा ठरू शकतो, हे त्यांच्या डोक्यातच येत नसे. आणि खरं सांगायचं तर आमच्याही येत नसे. काकांच्या बाकावर लोक बरे होताना आम्ही रोज पाहत होतो.

सगळ्या शास्त्रात त्यांचा आवडता उतारा एकच, मोशेच्या पितळी सापाचा. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी काकांच्या पद्धतीनं सांगते. इस्राएल लोक रानातून चालले होते. रोज तेच तेच खाऊन कंटाळले आणि लग्नाच्या पंगतीत वऱ्हाडी करतात तशी कुरकुर करायला लागले. देवानं त्यांच्यात साप सोडले. माणसं पटापट मरायला लागली, तशी ती मोशेकडे धावली. देवानं मोशेला पितळेचा साप करून खांबावर लटकवायला सांगितलं. ज्याला साप चावायचा तो त्या पितळी सापाकडे बघायचा आणि जगायचा. एवढं सांगून काका जखमेतला पू पुसत म्हणायचे, “देवानं साप परत नेले असं कुठंही लिहिलेलं नाही हं. साप तिथंच राहिले. नुसतं बघायला सांगितलं.” ते असं सांगायचे जणू काही त्या रानातही ड्रेसिंगचं काम त्यांच्याचकडे होतं.

या उताऱ्याचं नुसतं चित्र त्यांना पुरेना. गोष्टीतला साप धातूचा होता, तर दवाखान्यातलाही धातूचा हवा, असं त्यांनी घेतलं. जुन्या नाशकात तांबट आळीत त्यांचा एक जुना पेशंट होता. ठोकून ठोकून त्याच्या हाताला घट्टे पडून चिरा जायच्या, त्या काकांनी बऱ्या केल्या होत्या. त्याला साप करायला सांगितला. फणा नको, असंही बजावून सांगितलं. तांबटानं मान डोलावली आणि साप केला तो चांगला फणा काढलेला, वेटोळं घातलेला. त्याच्या हातानं आयुष्यभर महादेवाचेच नाग घडवले होते, त्याला दुसरा साप येणार कुठून? काकांनी तो तसाच घेतला. व्हरांड्यात एक सागवानी खांब रोवला आणि त्यावर तो नाग चढला. सकाळचं ऊन पडलं की लांबूनसुद्धा चमकायचा.

मग व्हायचं ते झालं. पेठ-सुरगाण्याकडून येणारी माणसं व्हरांड्यात पाऊल ठेवलं की आधी हात जोडायला लागली. नागपंचमीला कुणी लाह्या-दूध ठेवून गेलं, कुणी हळदकुंकू वाहिलं. काका स्पिरिटचा बोळा घेऊन स्टुलावर चढायचे आणि कुंकू पुसून काढायचे. पुन्हा कुणीतरी लावायचं. पेशंटच्या तोंडी दवाखान्याचं नावच नागोबाचा दवाखाना झालं. काकांना वाईट वाटत नव्हतं असं नाही. ते म्हणायचे, “आज हात जोडतात, उद्या गोष्ट ऐकतील. आधी येऊ तर द्या.”

आमच्या मंडळीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजे-पणजे ज्या देवांना सोडून आले, ज्यापायी भाऊबंदांनी पाणी तोडलं, ते देव आता आपल्याच व्हरांड्यात येऊन बसले, असं लोकांना वाटलं. यात काहीच खरं नव्हतं असं मी म्हणत नाही. पण लाज कशाची होती ते मला माहीत आहे, कारण मी त्यांच्यातलीच आहे. सेक्रेटरींना कचेरीत कुणीतरी चहा पिताना विचारलं होतं, काय साहेब, तुमच्याकडेही नागोबा बसला का? त्या एका प्रश्नानं काम केलं. कमिटीनं काकांना बोलावून सांगितलं की आता जर पुन्हा आवारात पूजा दिसली, तर साप तर जाईलच, पण भिंतीवरच्या सगळ्या फळ्याही जातील आणि काकांनी गोष्टी सांगणं बंद करायचं. काका त्यांच्यापुढं हात बांधून उभे होते. त्यांनी एक संधी मागितली. पूजा होऊ देणार नाही, असा शब्द दिला. माझ्यापाशी एवढंच म्हणाले, “सिस्टर, फळ्या गेल्या तर मी सुई टोचताना लोकांना काय दाखवू?”

त्यानंतर ते व्हरांड्याची राखण करू लागले. कुणी हात जोडले की गोड बोलून खाली करायला लावत. कुणाच्या पिशवीत नारळ दिसला की काढून आपल्याकडे ठेवत आणि जाताना परत देत. हसरा माणूस, पण त्या दिवसांत त्यांची नजर सारखी चर्चच्या दाराकडे जायची. कोण बघतंय, कोण बघतंय.

त्या श्रावणातल्या एका रविवारी पहाटे पेठ रस्त्यावरच्या एका गावात मंजुळा नावाच्या पोरीला गवत कापताना साप चावला. दहा-बारा वर्षांची असेल. आईबापांनी तिला उचलून रस्त्यावर आणलं. पंचवटीच्या बाजारात भाजी घेऊन निघालेल्या जीपनं त्यांना नाशकात सोडलं. तिथून रिक्षा केली ती सिव्हिल हॉस्पिटलसाठीच. सापाचं इंजेक्शन फक्त तिथं मिळायचं, आमच्याकडे नव्हतं. सिव्हिल आमच्या दवाखान्याच्या थोडं पुढं. पण दवाखाना दिसला तशी बापानं रिक्षा थांबवली. आदल्या वर्षी त्याच्या पायाला गळू झालं होतं आणि काकांनी ते फोडताना त्याला वर बघायला लावून सापाची गोष्ट सांगितली होती. ज्याला साप चावायचा तो बघायचा आणि जगायचा. ज्या तोंडानं काका सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी सांगायचे, त्याच तोंडानं हेही सांगितलेलं. दवाखान्यात ऐकलेलं त्यानं औषधासारखंच लक्षात ठेवलं होतं.

आम्ही सगळे उपासनेला होतो. दवाखाना बंद, व्हरांडा उघडा. त्यांनी पोरीला खांबासमोर भिंतीला टेकवून बसवलं, घोंगडी पांघरली, पुढं एक नारळ ठेवला आणि तिची हनुवटी धरून तिला वर बघायला लावलं. आतून आमच्या गाण्यांचा आवाज त्यांना येत होता. उशिरा येणारे दोघंतिघं त्यांच्यासमोरून गेले. नारळ बघितला, तोंड वाकडं केलं आणि आत आले.

उपासना सुटल्यावर डॉक्टरबाई पुढं धावल्या. त्यांनी पोरीची पापणी वर करून पाहिली आणि रिक्षा आणा म्हणून ओरडल्या. काका मागून आले तेव्हा तिचा बाप त्यांच्याकडे बघून नुसता उभा राहिला. हिशेबात कुठं चुकलं ते विचारावं तसा म्हणाला, “बघितलं तिनं, काका. लय येळ बघितलं.”

सिव्हिलमध्ये नेईपर्यंत मंजुळा गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी साप उतरवला, पोत्यात घातला आणि तांबट आळीत नेला. तो मोडून दे म्हणाले. तांबटानं हातातला हातोडा खाली ठेवला. “काका, तुमच्यासाठी काही पण करीन. नाग नाही मोडणार.” काकांनी मग त्याचाच हातोडा मागून घेतला. ज्या ओट्यावर तो साप घडला त्याच ओट्यावर बसून ते तो ठोकत राहिले. जखमा बांधणारा हात तो, त्याला ठोकायची सवय नव्हती. अंगठा फुटला. तांबट भिंतीकडे तोंड करून बसला होता, असं त्यानंच मला पुढं सांगितलं. पितळ तिथंच टाकून काका दवाखान्यात आले आणि तो अंगठा मी बांधला. बांधताना ते वर बघेनात. खाली, पट्टीकडेही नाही, नुसते फरशीकडे बघत होते.

त्याच वेळी त्यांनी मला ते सांगितलं. त्या रविवारी घंटा वाजत असताना ते व्हरांड्याच्या बाजूनंच आले होते. लांबून त्यांना पाठमोरी माणसं दिसली, नारळ दिसला, घोंगडीचं गाठोडं दिसलं. पूजेला आले असं वाटलं. चर्चच्या दारात सेक्रेटरी उभे राहून त्यांच्याचकडे बघत होते. काकांनी मान खाली घातली आणि काही दिसलंच नाही असं दाखवून आत गेले. “मला वाटलं, आता यांना उठवायला गेलो तर तमाशा होईल,” ते म्हणाले. “उपासना झाल्यावर हळूच नारळ उचलीन म्हटलं. सिस्टर, मी अख्खी उपासना नारळाचाच विचार करत बसलो होतो.”

पुढच्या रविवारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी उपदेशाला दुसरा उतारा घेतला. पुढं पिढ्या गेल्यावर लोक त्याच पितळी सापाला धूप जाळायला लागले, तेव्हा हिज्कीया राजानं तो फोडून टाकला, हा. उपदेश चांगला झाला. काकांचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी माना वळवून त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं. बाहेर आल्यावर सेक्रेटरींनी त्यांचा हात हातात घेऊन दाबला, तोच पट्टी बांधलेला. मंजुळाबद्दल एक शब्द कुणी काढला नाही. तिच्या घरी सांत्वनाला जावं असं डॉक्टरबाईंनी कमिटीत सुचवलं, तर नागाची पूजा करणाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना कोणती करायची, असा प्रश्न निघाला. त्यावर चर्चा झाली. गेलं कुणी नाही. पितळेवर कुंकू लागलं तेव्हा आम्हाला मान वर करता येत नव्हती. पोर मेली तेव्हा आम्ही ताठ मानेनं गाणी म्हटली. या गोष्टीची मला आजही इतकी लाज वाटते की त्या चर्चमधली गाणी ऐकली तरी कानशिलं तापतात.

काकांनी फळ्याही आपण होऊन उतरवल्या. कमिटीनं आता राहू द्या म्हटलं तरी ऐकलं नाही. भिंती पांढऱ्या केल्या. गोष्टी बंद. दवाखाना आणखी काही वर्षं चालला, काकांच्या हाताची सफाई गेली नाही, पण आता ते इंजेक्शन देताना ‘दुखणार’ असंही म्हणत नसत. काहीच म्हणत नसत. लहान पोरगी ड्रेसिंगला आली की ती मला द्यायचे. त्यांच्या बायको मला म्हणायच्या, “यांना जरा समजव गं. घरात ताटावर बसले तरी चोरासारखे बसतात.” मी काय समजावणार? देवानं क्षमा केली, असं म्हणून पाहिलं. ते म्हणाले, “देवानं केली असेल. मी त्याच्याकडं मागितलीच नाही. ज्यांच्याकडं मागायची त्यांच्याकडं जायला पाय उचलत नाहीत.”

एकदा मात्र त्या उताऱ्याबद्दल ते आपण होऊन बोलले. दुपार होती, पेशंट नव्हते, ते कापसाचे बोळे करत होते. म्हणाले, “एवढी वर्षं मी ती गोष्ट चुकीची सांगितली, सिस्टर. मला वाटायचं, सुंदर काहीतरी बघून माणूस बरा होतो. पण देवानं त्यांना सुंदर काही दाखवलंच नाही. जे चावलं तेच दाखवलं. आपण कुरकुर केली, त्यातून हे आलं, ते डोळे उघडून बघा म्हणाला.” मग हातातला बोळा पुरा करून म्हणाले, “मी बघितलं नाही.”

मी या उताऱ्यावर पुढं बरेच उपदेश ऐकले. काकांच्या या चार वाक्यांच्या पलीकडं कुणी गेल्याचं मला आठवत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला दवाखाना बंद झाला. काका घरी बसले. त्यांना दम लागायला लागला होता. आणि एका सकाळी ते माझ्या दारात आले ते रंगाचे डबे आणि ब्रश घेऊनच. मंजुळाच्या गावी यायचं का, एवढंच विचारलं. सोबत हवी होती. एकट्यानं गेलो तर फाट्यावरूनच परत फिरेन, असं स्वतःच म्हणाले.

त्यानंतर वर्षभरातच काका गेले. त्यांच्या दफनाच्या वेळी तेव्हा नवीन आलेल्या पाळकसाहेबांनी ‘हे आमच्यातल्या हिज्कीयाचं थडगं’ असं म्हणून फार सुंदर प्रार्थना केली. मंडळीला काका त्या एका सकाळपुरते ठाऊक आहेत, हातोडा हातात घेतलेले. मला ते त्या गावात बसलेले दिसतात, म्हणून तेवढं सांगते आणि थांबते.

आम्ही एसटीनं गेलो. मंजुळाच्या आईबापांनी काकांना लगेच ओळखलं. बाज टाकली, पाणी दिलं. काकांनी घराची रस्त्याकडची भिंत रंगवायला मागितली. साप चावला तर काय करायचं याचं चित्र काढतो, म्हणाले. बाप म्हणाला काढा. जे सांगायला आले तेच ते टाळताहेत, हे माझ्या लक्षात आलं. दुपारपर्यंत ते शेणानं सारवलेल्या भिंतीपुढं उभे राहून रंगवत होते. मध्ये मध्ये दम खात होते. चित्रात देव नव्हता, साप नव्हता, फेटा बांधलेला शिष्य नव्हता. एक जीप, जीपमध्ये आईच्या मांडीवर एक पोरगी, आणि समोर सिव्हिलची इमारत. रस्ता अगदी सरळ काढला होता. मध्ये थांबायला कुठं जागाच ठेवली नव्हती.

आई चुलीपासून उठून बाहेर आली आणि चित्रापुढं उभी राहिली. बराच वेळ तिनं त्या पोरीचं तोंड न्याहाळलं. काकांनी मंजुळाला पाहिलं होतं ते एकदाच, त्या व्हरांड्यात. तेवढ्यावरून त्यांनी तिचा चेहरा काढायचा प्रयत्न केला होता.

“ही माझी पोर नाय,” आई म्हणाली. काका काही बोलणार तोच तिनं हातानं थांबवलं. “आसू द्या. कुनाची तरी हायेच.”

काका तिथंच खाली बसले, मातीत. ब्रश हातातच होता. आणि मग त्यांनी सांगितलं. मंडळीपुढं, बायकोपुढं, जे सांगता आलं नव्हतं ते सगळं. त्या दिवशी मी तुम्हाला पाहिलं होतं. पूजेला आलात असं वाटलं. लोक काय म्हणतील याची लाज वाटली, म्हणून जवळ आलो नाही. दोन पावलं आलो असतो तर पोरीला तेव्हाच पुढं नेलं असतं. हात जोडले नाहीत त्यांनी. माफ करा म्हणायचंही राहून गेलं.

बाप काडीनं जमीन उकरत ऐकत होता. त्याला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

“ठावं हाय,” तो म्हणाला. “आमी बी तुमाला पायलं व्हतं, काका. ही म्हनली, काका आत गेले, देवाला आपलं सांगत आसतील. म्हनून तर आमी बसून ऱ्हायलो.”

आई आत गेली आणि नागलीची भाकरी, चटणी घेऊन आली. खाल्ल्याशिवाय जायचं नाही म्हणाली. काकांनी भाकरी हातात घेतली, मोडली, आणि ती खाताना ते रडत होते. मीही रडत होते. त्या दोघांनी आम्हाला रडू दिलं, उगी उगी केलं नाही आणि बघतही राहिली नाहीत. आपापलं काम करत राहिली.

उन्हं उतरल्यावर बाप उठला. रंगाचे डबे त्यानं स्वतः उचलले आणि आम्हाला फाट्यापर्यंत पोचवायला आला. गाडीला उशीर होता. अंधार पडेल, तुम्ही घरी जा, असं काकांनी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं. तो गेला नाही. एसटी येईपर्यंत काकांच्या शेजारी उभा राहिला.